धुराची विमानं

येळवस हुकल्याचा राग आईच्या मनातून गेला नव्हता. डिसेंबरच्या सुरुवातीला तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मी तिला डोंबिवलीतच अडकवून ठेवलं होतं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. २०२४ साली ती ११ जानेवारीला आली. लातूर, उदगीर, बिदर या पट्ट्यात त्या दिवशी गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. मामाच्या शेतात कडब्याची कोप उभी राहिली, भज्जी-आंबील झाली, बाजरीचे उंडे झाले, आणि त्या सगळ्याचे फोटो आईच्या मोबाइलवर येऊन पडले. ती इथे चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून गॅसवर केलेली भज्जी खात होती आणि "हिला भज्जी म्हणायचं म्हून म्हणायचं," असं मला ऐकू येईल इतपत हळू पुटपुटत होती.

दुसऱ्या दिवशी लेक शाळेतून बातमी घेऊन आला. वायुदलाची विमानं मुंबईत आलीत, १२ ते १४ जानेवारी, मरीन ड्राइव्हवर, रोज दुपारी १२ ते १. तिकीट नाही. सुखोई आहे, सारंग हेलिकॉप्टरं आहेत, पॅराशूटवाले आहेत, सूर्यकिरण आहेत.

"सूर्यकिरण म्हंजी बिदरची का?" आईने भाजी निवडता निवडता विचारलं.

"हो आजी, बिदरलाच असतात."

"मग ती तर आपलीच की. ती बगायला मुंबईला कशाला जायचं? आमच्या माळवदावरून दिसत्यात."

यात खोटं काही नव्हतं. माझं आजोळ बिदर-भालकी रस्त्यावरचं. बिदरला वायुदलाचा तळ आहे, तिथे वैमानिक शिकतात, आणि सूर्यकिरण पथक १९९६ साली तिथेच उभं राहिलं. मी तेव्हा बारा वर्षांची. मे महिन्यात माळवदावर कुरडया, सांडगे वाळत घातलेले असायचे आणि कावळे हाकायला आम्ही पोरं बसवलेली असायचो. तशात कधीतरी तांबडी-पांढरी विमानं यायची, एकमेकांना चिकटल्यासारखी, मागे धूर सोडत. आधी सहा दिसायची, पुढे नऊ झाली. आम्ही नाचायचो आणि आजी खालून ओरडायची, "धूर पडंल कुरडयांवर! झाका ते!" एकदा खरंच जुनेराने सगळ्या कुरडया झाकायला लावल्या होत्या. तो धूर म्हणजे इंजिनाच्या गरम झोतात सोडलेलं डिझेल असतं, त्याची वाफ होऊन पांढरा पट्टा उमटतो, हे मला फार नंतर कळलं. म्हणजे आजीचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता, फक्त एवढ्या उंचीवरून कुरडईपर्यंत काय पोचणार?

गावात दोनच जाती होत्या विमानांच्या. रोज घिरट्या घालणारी ती शिकाऊ, आणि दुसरी धुराची. कामात असलेलं कोणी मान वर करायचं नाही.

तर आई "मला काय नवल न्हाई त्याचं" म्हणत म्हणत रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसली. दुसऱ्या दिवशी संक्रांत, म्हणजे त्या दिवशी भोगी. तिने पहाटे उठून बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकऱ्या थापल्या, वांगं, पावटा, गाजर, ओला हरभरा घालून भोगीची भाजी केली, आणि डबा पिशवीत कोंबत म्हणाली, "येळवस गेली, भोगी तरी उघड्यावर खाऊ." डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा, तो कानापर्यंत झाकणारा, तिने घरातच चढवला.

रविवार म्हटला की मेगाब्लॉकची धास्ती असतेच, म्हणून पावणेआठची फास्ट पकडली. सीएसएमटीला उतरून टॅक्सी केली, तर टॅक्सीवाल्याने चर्चगेटच्या अलीकडेच हात टेकले. पुढे पोलिसांचे लोखंडी अडसर, आणि त्यातून वाहणारी माणसं. वीर नरिमन रोडने आईच्या चालीने चालत समुद्रापर्यंत पोचलो तेव्हा साडेनऊ वाजत होते आणि कठडा भरलेला होता. मला वाटलं होतं आपण फार लवकर आलो. मुंबईत हा समज नेहमीच खोटा ठरतो.

कॉलेजची दोन पोरं आईचा तो काळा चष्मा बघून उठली. "बसा आजी." त्या एका चष्म्याने आम्हाला दिवसभर जे मिळवून दिलं ते ओळखीच्या माणसाने दिलं नसतं. आई कठड्यावर, लेक तिच्या मांडीला टेकून, मी आणि नवरा मागे उभे. समोर चौपायी दगडांवर, त्या टेट्रापॉडवर, भरतीचं पाणी चढायला लागलं होतं. थंडीतले पाहुणे कुरव पक्षी पाण्यावर बसलेले, आणि वर घारी. डावीकडे नरिमन पॉइंटच्या इमारती, उजवीकडे लांब मलबार हिल. बारा वाजता ऊन डाव्या अंगाने येणार होतं आणि सावली कुठूनही मिळणार नव्हती.

अडीच तास. ज्यांना पुढेमागे असा कार्यक्रम पाहायचा असेल त्यांनी हे अडीच तास धरून चालावं, खरा कस तिथे लागतो. टोप्यांवाले, काकडीवाले, चणाजोरवाले गर्दीतून कसे वाट काढतात हे त्यांनाच ठाऊक. "गॉगल सौ का एक"पासून सुरू झालेला भाव साडेअकराला दीडशेवर गेला होता. पाण्याची अडचण नव्हती, पाणी प्यायल्यावरची होती. जवळच्या शौचालयाची रांग बघून आईने बाटली माझ्याकडे परत दिली आणि त्यानंतर फक्त ओठ ओले केले. आजूबाजूच्या सगळ्या बायका तेच करत होत्या. बाई घराबाहेर पडली की तहान घरी ठेवून निघते, हे आमच्या पिढीतही सुटलेलं नाही.

अकराच्या सुमाराला छत्र्यांवरून भांडण लागलं. पुढच्या कोणीतरी छत्री उघडली, मागून "छत्री खाली!" असा गजर, छत्री खाली, पाच मिनिटांनी दुसरी वर. एका बाईने छत्री उघडली आणि मागच्या चार अनोळखी माणसांना त्याच छत्रीखाली घेतलं, तेव्हा ओरडणाऱ्यांचा आवाज बसला.

आमच्या मागच्या एका काकांनी तेवढ्यात शिवकर बापूजी तळपद्यांचा विषय काढला. "पहिलं विमान इथेच उडालं, १८९५ साली, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. चौपाटीवर!" मुंबईत समुद्र आणि विमान एकत्र आले की हे कोणीतरी म्हणतंच. तळपदे होते, त्यांनी विमानाचा ध्यास घेतला होता, हे मान्य. पण ते यंत्र उडालं याचा त्या काळातला भरवशाचा पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. मला या बाबतीत १९३२चा ऑक्टोबर जास्त आवडतो. ८ तारखेला वायुदलाची स्थापना झाली आणि पुढच्याच आठवड्यात, १५ तारखेला, जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एका छोट्या पुस मॉथ विमानातून जुहूला उतरले. हे मी काकांना सांगितलं. "ते वेगळं," असं म्हणून ते पुन्हा तळपद्यांकडे वळले.

बारा वाजून गेले. ध्वनिक्षेपकावरून निवेदन सुरू झालं. आमच्यापर्यंत त्यातलं "देवियों और सज्जनों" तेवढं धड पोचलं.

आधी आकाशगंगा पथकाचे पॅराशूटवाले. निळ्यावर एक ठिपका, मग तो फुलतो, मग आणखी एक, तिरंगी. १९८७ पासूनचं हे पथक. वाऱ्यावर डुलत, वळणं घेत ते खाली आले. नेमके कुठे उतरले ते आम्हाला दिसलंच नाही, मध्ये डोकीच डोकी. मग सारंग. ही ध्रुव हेलिकॉप्टरं, तांबड्या अंगावर मोर रंगवलेला. सारंग म्हणजे मोरच. ती समोरासमोर येऊन एकमेकांना ओलांडत होती आणि पात्यांचा टपटप आवाज पाण्यावरून छातीत येत होता. लेक खूश. आई शांत. तिला हेलिकॉप्टरचं अप्रूप नाही, निवडणुकीत पुष्कळ बघितलीत म्हणाली.

सुखोईने मात्र आम्हा सगळ्यांचीच भंबेरी उडवली.

तो कुठून आला ते मला दिसलं नाही. आधी शांतता होती आणि मग एकदम आभाळ फाटल्यासारखा आवाज, पोटात हलणारा. बाळं रडायला लागली. कुरवांचा थवाच्या थवा पाण्यावरून उठला. मी आवाज आला तिकडे मान वळवली तर तिकडे काहीच नाही, आणि तोवर लोक दुसरीकडे बोट दाखवून ओरडत होते. लेकाचं तेच झालं. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "मला दिसतच नाहीये!"

आईने त्याची हनुवटी दोन बोटांत धरली आणि मान डावीकडून उजवीकडे फिरवली. "आवाजाकडं बगू नको रे. इमान फुडं असतं, आवाज मागनं येतो. आवाजाच्या फुडं बग. हां, तितं."

आणि तिथे तो होता. राखाडी, चपटा, दोन इंजिनांच्या तोंडाशी नारिंगी जाळ. आवाज तीन सेकंदांत जेमतेम एक किलोमीटर कापतो, सुखोई तेवढ्या वेळात कुठल्या कुठे गेलेला असतो, हे गणित मी शाळेत सोडवलेलं आहे. मला ते आठवलं नाही. आईने सोडवलेलं नाही, तिला ते माळवदावर बसून आपोआप आलेलं. थोड्या वेळाने आजूबाजूची सात-आठ पोरं "आवाज के आगे देखो, आवाज के आगे" असं एकमेकांना शिकवत होती.

सुखोईने नाक वर करून जवळजवळ जागच्या जागी उभं राहिल्यासारखं केलं, क्षणभर वाटलं आता मागे पडतो, आणि मग तो तसाच वर निघून गेला. झोताची दिशा वळवता येणारी इंजिनं आहेत म्हणून हे जमतं. पलीकडून एक गृहस्थ कोणी न विचारताच म्हणाले, "आमच्या ओझरचं आहे हं ते. मूळ रशियाचं, पण बांधतात आमच्या इथे, नाशिकला." त्यांच्या चेहऱ्यावर द्राक्षाच्या बागाइतदाराचा तोरा होता.

सूर्यकिरण शेवटी आले.

नऊ हॉक विमानं, नरिमन पॉइंटच्या बाजूने, एकाच धाग्यात ओवल्यासारखी. आवाज सुखोईच्या मानाने अगदी साधा. ती समोरून गेली आणि नवांच्या मागे एकदम धूर सुटला. मरीन ड्राइव्हच्या अख्ख्या कमानीवरून, चौपाटीपासून पार दक्षिणेपर्यंत, एक आवाज उठला. ती आरोळी नव्हती. एवढी माणसं एकाच वेळी "आआ" म्हणाली.

आईने आवाज काढला नाही. तिचे ओठ हलत होते. मी वाकून ऐकलं तर ती मोजत होती.

"...सात, आठ, नऊ. हाईत. सगळी हाईत."

मला आधी गंमत वाटली. मग विमानं फुटली, सहा एकीकडे आणि तीन दुसरीकडे, आणि आईचा हात माझ्या मनगटावर आला. "तीन कुटं गेली?" मी म्हटलं, "अगं कार्यक्रमच आहे तो, येतील." दोन विमानं समोरासमोरून आली, आता धडकणार असं वाटेपर्यंत आली आणि एकमेकांच्या बगलेतून निसटली. लोक शिट्ट्या मारत होते. आईच्या बोटांची पकड माझ्या मनगटावर तशीच.

तेव्हा मला आठवलं. २००६च्या मार्चमध्ये बिदरजवळच सूर्यकिरणचे दोन वैमानिक अपघातात गेले. २००९च्या जानेवारीत आणखी एक, तेही तिथलंच आभाळ. बाकीच्या देशासाठी ती एका दिवसाची बातमी होती. मामाच्या गावातली माणसं त्यानंतर कित्येक दिवस विमानं मोजायची, असं मामी सांगायची. नंतर २०११ मध्ये पथकच थांबलं. शिकवायला विमानं कमी पडत होती म्हणून ती जुनी किरण विमानं तिकडे लागली. २०१५ च्या सुमाराला हॉक घेऊन ते पुन्हा उभं राहिलं. २०१९च्या फेब्रुवारीत बंगळूरजवळ येलहंक्याला सराव करताना दोन हॉक एकमेकांवर आदळली, एक वैमानिक गेला. मी हे सगळं पेपरात वाचून विसरलेली. आई कुठे काय वाचते? तिला फक्त मोजायची सवय राहिलेली.

पुढच्या दहा मिनिटांत मी विमानांकडे कमी आणि तिच्याकडे जास्त पाहिलं. त्या मोठ्या काळ्या काचांत निळं आभाळ आणि त्यावर पांढऱ्या रेघा. दोन विमानांनी धुराने आभाळात एक मोठा बदाम काढला. पोरापोरींनी कल्ला केला, मोबाइल वर झाले. समुद्रावरचा वारा बदामाची एक बाजू आधी खाऊ लागला. आई म्हणाली, "हे नव्हतं आमच्याकडं करत." पहिल्यांदा तिच्या आवाजात नवल होतं.

(नवऱ्याने मला रात्री सांगितलं की १९८८च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत रॅमस्टाइनला इटलीचं पथक हाच बदाम आणि त्यातून आरपार जाणारा बाण काढत होतं, तेव्हा तीन विमानं आदळली आणि एक पेटत प्रेक्षकांत आलं. ७० माणसं गेली. असे खेळ पाण्यावर, लोकांपासून चांगलेच लांब का ठेवतात ते तेव्हा कळलं. त्याने हे कठड्यावर सांगितलं नाही याबद्दल मी त्याची ऋणी आहे.)

शेवटी नऊच्या नऊ पुन्हा एकत्र आली आणि समोरून निघून गेली. मोजणी पूर्ण झाली. मनगट सुटलं.

एक वाजला आणि माझ्या आयुष्यात मी बघितलेली सगळ्यात मोठी गर्दी एकाच वेळी चर्चगेटकडे वळली. आम्हीही वळलो. आई हलली नाही. "जेवल्याबिगर मी न्हाई यायची. आज भोगी हाय." नवरा म्हणाला, "आई, गाडीत खाऊ." ती डबा उघडून बसलेली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. रिकाम्या होत चाललेल्या कठड्यावर आम्ही चौघं ओळीने बसलो, बाजरीची भाकरी हातावर घेतली, भाजी वर, आणि समुद्राकडे तोंड करून खाल्ली. मागची ती कॉलेजची पोरं रेंगाळत होती, त्यांनाही एकेक भाकरी मिळाली. एकाने विचारलं, "आजी, यात तीळ का?" त्यावर त्याला पंधरा मिनिटं उत्तर मिळालं.

आमचा हात धुऊन होईतो एक बाई स्टेशनच्या बाजूने उलटी चालत आली. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, कडेवर पोर. भुयारी मार्गाच्या तोंडाशी इतकी रेटारेटी होती की चप्पल गेली, आणि वाकून उचलायचं धाडस झालं नाही म्हणाली. ती आमच्या शेजारी बसली, पाणी प्यायली, पोराला भाकरीचा तुकडा दिला. पुढे त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला चेन्नईत मरीना किनाऱ्यावर वायुदलाच्या कसरती झाल्या, भर दुपारच्या उन्हात लाखो माणसं जमली आणि त्यात पाच जण दगावले. ती बातमी वाचताना मला विमानं आठवली नाहीत, ती चप्पल आठवली. भोगीची भाकरी आडवी आली नसती तर आम्हीही सव्वा वाजता त्या तोंडाशी असतो, आई, नवा डोळा आणि सगळं.

तीन वाजता आरामात निघालो. माझ्या फोनमध्ये त्रेचाळीस चित्रफिती होत्या, त्यातल्या तीसेक कोणाच्या तरी निळ्या टोपीच्या आणि उरलेल्या रिकाम्या आभाळाच्या, ज्यात मागून माझाच आवाज येतो, "कुठेय, कुठेय?" लेकाने गाडीत खिडकी पकडली आणि कुर्ल्यापर्यंत झोपला.

रात्री आईने मामाला फोन लावला. ती फोन कानाला लावत नाही, तोंडासमोर धरून बोलते, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येतं. येळवसीला आली नाहीस म्हणून मामाने आधी तक्रार केली. मग भज्जी कशी झाली होती, कोण कोण आलं होतं, कोणाचा बैल आजारी आहे, हे सगळं झालं. शेवटी आई म्हणाली, "आरं, आज तुमची धुराची इमानं बगून आले. समुद्रावर. हीऽऽ माणसं. लोकं टाळ्या वाजवत हुते."

पलीकडे मामा जरा थांबला.

"तिकडं हाईत व्हय?" तो म्हणाला. "तरीच म्हनलं. चार दिस झालं, शिकाऊच फिरालीत नुसती. नऊच्या नऊ हुती का?"

"हाव," आई म्हणाली. "मोजली मी."